कुपीतली तार

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नोट हातात पडायच्या आत तिच्याबद्दलची अफवा येऊन पोचली होती. नोटेत म्हणे सूक्ष्म चिप आहे. नोटा जमिनीखाली १२० मीटर पुरून ठेवल्या तरी उपग्रहाला त्यांचा पत्ता लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ती फिरलीच, काही वृत्तवाहिन्यांनीही ती गंभीर चेहऱ्याने सांगितली. पुढे ती खोटी ठरली, विनोद झाले, विषय मिटला. पण ती खोटी का, हे समजून घ्यायची तसदी फारशी कुणी घेतली नाही. कागदात दडेल एवढी चिप त्या काळी बनत नव्हती असं मुळीच नाही. जपानच्या हिताचीने ०.४ मिलिमीटरची चिप त्याच्या कितीतरी आधी बनवली होती. चिप हवी तेवढी बारीक करता येते. तिला बोलतं करणारा अँटेना मात्र तसा बारीक करता येत नाही. तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं.

कातडीखाली बसवायच्या चिपची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते. पाळीव कुत्र्याच्या खांद्यांमधल्या सैल कातडीत पशुवैद्य जाड सुईने जी वस्तू सोडतात, ती साधारण १२ मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड अशी काचेची बंद कुपी असते. वर्तमानपत्रं तिला तांदळाच्या दाण्याची उपमा देतात. बासमतीचा कच्चा दाणाही आठ मिलिमीटरच्या आसपास थांबतो, तेव्हा ही उपमा जरा सढळ हाताने दिलेली आहे. कुपीत बॅटरी नाही. आत फेराइटची एक बारीक कांडी, तिच्यावर इनॅमल चढवलेल्या, केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे आणि कांडीच्या एका टोकाशी जेमतेम मिलिमीटरभराची सिलिकॉनची चिप. बहुतेक जागा कांडी आणि वेढे यांनीच अडवलेली. आपण या वस्तूला चिप म्हणतो खरं, पण आकारमानाने पाहिलं तर तो एक अँटेनाच आहे, आणि त्याला एका टोकाला चिप चिकटवलेली आहे.

पशुवैद्यांच्या हातातल्या, चिप वाचणाऱ्या रीडरमध्येही एक कॉइल असते, पुष्कळ मोठी. तिच्यातून सेकंदाला १,३४,२०० आवर्तनं करणारा प्रवाह वाहतो, म्हणजे १३४.२ किलोहर्ट्झ. त्याने तयार होणारं चुंबकीय क्षेत्र कातडीतून आरपार जातं, कुपीतल्या वेढ्यांमध्ये व्होल्टेज निर्माण करतं आणि चिप जागी होते. मग ती आपला क्रमांक सांगते. पण स्वतःहून काहीच प्रक्षेपित करत नाही. ती फक्त आपल्या कॉइलवरचा विजेचा भार एका ठरावीक लयीत वाढवते आणि कमी करते. त्याचा अत्यंत क्षीण परिणाम रीडरच्या कॉइलवर उमटतो आणि रीडर तो अंकांत वाचतो.

उसन्या ऊर्जेवर बोलणारं हे यंत्र पहिल्यांदा बनलं ते हेरगिरीसाठी. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतले अमेरिकन राजदूत अ‍ॅव्हेरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी कोरीव प्रतिकृती भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर सात वर्षं होती. तिच्या आत ल्येव तेरमेन या संशोधकाने घडवलेली एक धातूची डबी होती, तिला जोडलेला एक छोटा अँटेना होता. ना बॅटरी, ना तारा. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की खोलीतल्या आवाजाने डबीचा पातळ पडदा थरथरायचा आणि परत जाणाऱ्या लहरींवर ती थरथर उमटायची. १९५२ मध्ये ती सापडली. तेरमेनने हे काम कैद्यांच्या प्रयोगशाळेत केलं होतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत हीच कल्पना गाईगुरांसाठी वापरायचं ठरलं. कुठल्या गाईला कोणतं औषध कधी दिलं, याची खात्रीची नोंद हवी होती. त्यांनी सुरुवात अतिउच्च वारंवारतेपासून केली. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग त्याच घराण्यातला: भारतात तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, टोलनाक्यावर काही मीटरवरून वाचला जातो. मग तोच टॅग छोटा करून कातडीखाली का सरकवत नाहीत?

कारण शरीर म्हणजे मुख्यतः खारं पाणी. ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्नायूची परावैद्युतता हवेच्या सुमारे ५५ पट असते, म्हणजे स्नायूत शिरल्याबरोबर लहरीची लांबी सात-साडेसात पटींनी आखडते. हवेत नेमका जुळवलेला अँटेना आत गेला की बेसूर होतो. शिवाय स्नायू वीज वाहतो, त्यामुळे चारेक सेंटिमीटर खोलीवरच लहरीची ताकद पहिल्याच्या एक तृतीयांशावर येते. एकाच जागेवर दोन कुत्र्यांची शरीरंही सारखी नसतात. एक लठ्ठ, एक सडपातळ. चरबीत पाणी कमी, स्नायूत जास्त. असा अँटेना जुळवायचा तरी कुणासाठी?

चुंबकीय क्षेत्राला मात्र स्नायू, चरबी, हाड, नदीचं पाणी यांचं काही देणंघेणं नसतं. यातलं काहीच चुंबकीय नाही. कमी वारंवारतेला ते यांतून जवळजवळ जसंच्या तसं जातं. म्हणून गुरांच्या चिपा पुढे १२५ किलोहर्ट्झवर आल्या, आणि १९९६ च्या आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांनी १३४.२ हा आकडा जगभर रुजवला.

पण याची किंमत आहे, आणि ती मोठी आहे. या वारंवारतेला लहरीची लांबी होते सव्वादोन किलोमीटर. तिच्यापुढे १२ मिलिमीटरचा अँटेना म्हणजे शून्यच. लहान अँटेनाला किती मर्यादा असतात याचं गणित हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लान जेन चू यांनी १९४८ मध्ये मांडून ठेवलं आहे. नंतरच्या कुठल्याही कारागिरीला ती ओलांडता आलेली नाही. त्यामुळे कुपी रेडिओस्टेशनसारखी दूरवर लहरी पाठवत नाही. ती फक्त रीडरच्या चुंबकीय क्षेत्राच्या कुशीत असताना बोलू शकते, आणि ते क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात मंदावतं. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र एक अष्टमांश. आणि चिपचं उत्तर परत येताना पुन्हा तोच दर. म्हणून हातातला रीडर काही सेंटिमीटर, फार तर वीतभर अंतरावरून वाचतो. उपग्रहाने कुत्रा, वाघ किंवा माणूस शोधायचा असेल तर त्यांच्या अंगावर बॅटरी असलेला प्रक्षेपक लागतो. २०२२ मध्ये कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणींच्या पाठीवर चिकटवली ती तशी यंत्रं होती. ती पाठीवर दिसतात, आणि काही महिन्यांनी बंद पडतात.

कुपीच्या आतली कारागिरी समजली की डिझाइन करणाऱ्याचे हात कुठे बांधलेले असतात ते दिसतं. कॉइल आणि चिपमधला धारक (कपॅसिटर) यांना मिळून नेमक्या १३४.२ किलोहर्ट्झला संस्पंदन (रेझोनन्स) साधावं लागतं, तरच व्होल्टेज अनेक पटींनी वाढतं. चिपमधला धारक २१० पिकोफॅरडचा असेल, तर कॉइलचं प्रेरकत्व (इंडक्टन्स) ६.७ मिलिहेन्री यावं लागतं. एवढ्याशा जागेत तेवढं प्रेरकत्व आणायला वेढे वाढवायचे. वेढे मावायला तार बारीक करायची. तार बारीक केली की तिचा रोध वाढतो आणि मिळवलेलं व्होल्टेज उष्णतेत जातं. फेराइटची कांडी क्षेत्ररेषा गोळा करून मदत करते, पण त्या मदतीला आकाराचा लगाम आहे. फेराइट कितीही भारी वापरलं तरी आखूड, जाड कांडीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. लांब आणि सडपातळ कांडी हवी. म्हणूनच १२ मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरची कुपी केली की वाचनाचं अंतर लांबीच्या मानाने नव्हे, त्याहून कितीतरी जास्त घटतं. ‘आमची चिप जगात सर्वांत छोटी’ अशी जाहिरात वाचली की मी आधी वाचनाचं अंतर शोधतो. बहुधा ते छापलेलं नसतं.

संस्पंदन जितकं टोकदार, तितकं व्होल्टेज जास्त. मग ते होईल तितकं टोकदार करावं, असं वाटेल. तसं केलं की दोन संकटं येतात. एक म्हणजे चिपचा संदेश दोन्ही बाजूंच्या काही किलोहर्ट्झमध्ये पसरलेला असतो. शिखर फार अरुंद झालं तर संदेशच छाटला जातो. दुसरं, कारखान्यात धारकाच्या मूल्यात एक टक्का फरक पडला तर वारंवारता अर्ध्या टक्क्याने, म्हणजे सुमारे ०.७ किलोहर्ट्झने सरकते. फेराइटही तापमानानुसार बदलतं. कुत्र्याच्या अंगात ३८ अंश, पहाडी नदीतल्या माशाच्या अंगात आठ-दहा. चांगला डिझाइनर त्यामुळे सर्वोत्तम अँटेना बनवत नाही. तो मुद्दाम थोडा कमी प्रतीचा, पण लाखांत कुठेही सारखाच चालणारा अँटेना बनवतो. या धंद्यातली खरी हुशारी मला इथे दिसते.

आणि दिशा. कांडीचा अक्ष क्षेत्ररेषांच्या दिशेत असला तर पुरेपूर ऊर्जा, काटकोनात असला तर शून्य. चिप शाबूत आहे, रीडर शाबूत आहे, तरी वाचन नाही. जाणते पशुवैद्य म्हणून रीडर एका जागी धरत नाहीत. पाठीवरून, मानेवरून, खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी तो सावकाश नागमोडी फिरवतात, आडवा-उभा करतात. स्टीलच्या टेबलावर आणि धातूच्या पट्ट्याजवळ वाचन बिघडतं, म्हणून पट्टा आधी काढतात.

या तारेची सगळ्यांत कडक परीक्षा कुत्र्यांमध्ये झाली नाही. ती झाली अमेरिकेच्या वायव्येला, कोलंबिया नदीत, सॅमन माशांच्या पोटात. (मुंबईतल्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. याच्याशी त्याचं नातं नाही.) सॅमन डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, बोटभर झाला की समुद्राकडे निघतो आणि काही वर्षांनी अंडी घालायला त्याच ओढ्याकडे परततो. कोलंबिया आणि तिची उपनदी स्नेक यांवर विसाव्या शतकात धरणांची माळ उभी राहिली. समुद्राकडून पहिलं बॉनव्हिल, १९३८ मधलं. स्नेकच्या वरच्या अंगाला जन्मलेल्या पिल्लाला समुद्र गाठेपर्यंत आठ धरणं पार करावी लागतात. टर्बाइनमधून गेलेली किती मरतात, सांडव्यावरून गेलेली किती जगतात, पाणी विजेसाठी राखायचं की माशांसाठी सोडायचं, यावरून मच्छीमार, तिथल्या आदिवासी जमाती, वीज विकणाऱ्या संस्था आणि न्यायालयं यांच्यात अनेक दशकं वाद चालू आहे. वादात पुरावा लागतो. १९८३ पासून संशोधकांनी तो काचेच्या कुपीतून मिळवायला सुरुवात केली. पिल्लाच्या पोटाच्या पोकळीत सुईने कुपी सोडायची आणि धरणांतल्या वाटांवर अँटेना बसवायचे. या कुपीला तिथे पिट टॅग म्हणतात.

इथे एक सुंदर योगायोग जुळून येतो. पोटातली कुपी माशाच्या लांबीला समांतर राहते. अँटेना म्हणजे मासा ज्यातून जातो त्या चौकटीभोवती गुंडाळलेली तार. तिचं क्षेत्र चौकटीतून आरपार, पोहण्याच्या दिशेतच असतं. मासा डोकं पुढे करून पोहतो, त्यामुळे कांडी आपोआप क्षेत्ररेषांच्या दिशेत येते. पशुवैद्याला हात फिरवून जे करावं लागतं ते मासा स्वभावाने करतो.

बाकी सगळं प्रतिकूल. एक पूर्ण क्रमांक म्हणजे १२८ बिट, त्याला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहत आलेलं पिल्लू तेवढ्या वेळात नऊ सेंटिमीटर पुढे जातं. संदेश मधेच सुरू झालेला असू शकतो, म्हणून क्षेत्राची खोली निदान त्याच्या दुप्पट हवी. दोन पिल्लं एकदम चौकटीत आली तर दोन्ही क्रमांक एकमेकांत मिसळतात आणि एकही वाचला जात नाही, कारण या मानकात पाळी लावायची सोयच नाही. धरणाच्या काँक्रीटमधल्या लोखंडी सळ्या क्षेत्र गिळतात. जनित्रं आणि मोटारी विद्युत गोंगाट करतात. सुरुवातीच्या कुपी ४०० किलोहर्ट्झच्या होत्या. २००० मध्ये सगळी व्यवस्था १३४.२ वर नेली, तेव्हा वाचनाचं अंतर वाढलं आणि परतणारे मोठे मासे ज्यांवरून धरण चढतात त्या शिड्यांतही अँटेना बसवता आले.

तरी बॉनव्हिलच्या दुसऱ्या वीजगृहाशेजारची एक वाट अंधारातच होती. पिल्लांना पृष्ठभागावरून खाली नेणारा तो रुंद पाट. त्यातून जाणारी पिल्लं मोजलीच जात नव्हती. २००६ मध्ये तिथे सुमारे १७ फूट लांब-रुंद अँटेना बसवला गेला. चौकट एवढी मोठी की नेहमीची कुपी तिच्या मध्यावर ऐकूच आली नसती, म्हणून जास्त ताकदीची नवी कुपीही त्याच कामासाठी घडवली. आतला आणि बाहेरचा अँटेना हे एकाच यंत्राचे दोन अर्धे भाग आहेत, हे या एका कामातून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्या पाठ्यपुस्तकातून होत नाही. आतल्या अर्ध्याला वाढायला जागा नाही; म्हणून गेल्या चाळीस वर्षांतली बरीचशी प्रगती बाहेरच्या अर्ध्यात झाली आहे.

आता टिकाऊपणा. कुपीला बॅटरी नसल्याने तिचं आयुष्य प्राण्याच्या आयुष्याहून जास्त असावं अशी अपेक्षा असते. प्लास्टिक लवचीक, स्वस्त. पण त्यातून वर्षानुवर्षं पाण्याची वाफ झिरपते. वाफ आत गेली की धारकता सरकते, तार आणि चिपचा जोड गंजतो. तो जोड हा या यंत्राचा सगळ्यांत नाजूक सांधा: केसाहून बारीक तार आणि धुळीच्या कणाएवढी धातूची पट्टी. काच ठिसूळ असली तरी वाफेला अभेद्य, म्हणून काच. पण काच वितळवून कुपीचं तोंड बंद करायचं तर आतली चिप भाजणार. यावर जर्मनीच्या शॉट कंपनीच्या ८६२५ क्रमांकाच्या काचेने तोडगा काढला. तिच्यात लोहाचा अंश असतो, त्यामुळे ती अवरक्त किरण शोषते; किरण टोकावर रोखले की तेवढंच टोक वितळतं आणि मिटतं. कुपीला हलकी हिरवट झाक दिसते ती या लोहामुळे.

गुळगुळीत काचेचा एक तोटा शरीराला कळतो. ऊती तिला धरत नाहीत आणि कुपी सरकते. खांद्यांमधली चिप पुढे पायाजवळ सापडते. मग एका टोकाला पॅरिलीनचा थर किंवा सच्छिद्र पॉलिप्रॉपिलीनची टोपी देतात, म्हणजे तंतुमय ऊती तिथे रुजतात. शर्यतीच्या घोड्याला हा प्रश्न कमी येतो, कारण त्याची चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीखालच्या जाड अस्थिबंधात बसवतात. चिपभोवती गाठी झाल्याच्या, प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या नोंदी २००७ मध्ये गाजल्या. कुत्र्या-मांजरांत अशी उदाहरणं मोजकीच नोंदली गेली.

काच शाबूत, तार शाबूत, आणि तरीही चिप निकामी, असं अमेरिकेत घडलं. तिथे पाळीव प्राण्यांच्या चिपा १२५ किलोहर्ट्झच्या होत्या. मग काहींनी १३४.२ च्या आणल्या. आश्रयगृहांतल्या जुन्या रीडरना त्या ऐकूच येईनात. कुत्र्याच्या अंगात मालकाचा पत्ता देणारा क्रमांक होता, वाचणाऱ्याकडे जुळणारा अँटेना नव्हता. टिकाऊपणाची चर्चा काचेपाशी थांबते तेव्हा हे विसरलं जातं.

माणसांकडे वळलं की गोष्ट जरा नाटकी होते. ऑगस्ट १९९८ मध्ये इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठातले केव्हिन वॉरविक यांनी दंडात कुपी बसवून घेतली; दारं त्यांच्यासाठी उघडू लागली. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हेरिचिपला मान्यता दिली. बेशुद्ध रुग्णाची ओळख पटवण्यासाठी ती होती. बार्सिलोनातल्या एका क्लबने तिचा उपयोग दारूचं बिल चुकतं करायला केला. २००६ मध्ये जोनाथन वेस्थ्यूज या अभियंत्याने तिची नक्कल करून दाखवली, आणि २०१० मध्ये ती विकणं थांबलं. नक्कल सोपी होती, कारण ती चिप विचारेल त्याला क्रमांक सांगत होती. तिला ओळख पटवून मगच बोलायला शिकवता आलं असतं, पण सांकेतिक गणितं करायला जास्त ऊर्जा लागते, आणि ऊर्जा पुन्हा अँटेनातूनच यायची.

स्वीडनमध्ये आणि इतरत्र हातात बसवतात त्या नव्या चिपा १३.५६ मेगाहर्ट्झच्या, मोबाइलशी बोलणाऱ्या. त्यांच्यात सुरक्षिततेची गणितं जमतात. पण मोबाइलमधली कॉइल चपटी आणि हातातली कांडी गोल, दोघींचं क्षेत्र नीट जुळत नाही. फोन नेमक्या कोनात टेकवावा लागतो. चपटी, रुंद कॉइल पॉलिमरमध्ये घालून बसवली तर अंतर सुधारतं, पण सुईऐवजी छेद घ्यावा लागतो आणि काचेचा अभेद्यपणा जातो. स्टॅनफर्डच्या अ‍ॅडा पून आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की अँटेना मिलिमीटरभराचा किंवा त्याहून लहान असेल तर ऊतींमधूनही गिगाहर्ट्झची वारंवारता जास्त किफायतशीर ठरू शकते. म्हणजे कमी वारंवारता हा काही अढळ नियम नव्हे. १२ मिलिमीटरच्या कुपीला मात्र अजून तिच्याहून चांगला पर्याय सापडलेला नाही.

तेव्हा ‘चिप बसवली की सरकार आपल्याला नकाशावर पाहील’ ही भीती सोडून द्यायला हरकत नाही. तो अँटेना वीतभरापलीकडे ऐकू येत नाही. भ्यायचंच असेल तर त्या क्रमांकाची वही कुणाकडे आहे, याला भ्यावं. आणि घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर तीन गोष्टी करून ठेवा. चिप आयएसओ मानकाची, १५ अंकी क्रमांकाची आहे ना, हे बसवण्याआधी विचारा. वर्षाच्या लसीकरणाला जाल तेव्हा एकदा रीडर फिरवून वाचून घ्या, जागा सरकली असेल तर कागदावर लिहून घ्या. घर किंवा फोन नंबर बदलला तर नोंद बदला, कारण चिपमध्ये तुमचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. प्राण्याला घेऊन युरोपात जायचं असेल तर आधी चिप, मग रेबीजची लस. उलट क्रमाने दिलेली लस तिथे धरली जात नाही.